सिगारेट सोडून ई-सिगारेट धरली आहे. हे पुढे चालू ठेवावे का?

आडत_लातूर

नमस्कार मंडळी.

माझे वय ४६ आहे. लातूरच्या मोंढ्यात आमचे आडतीचे दुकान आहे. बाविसाव्या वर्षी पहिली सिगारेट ओढली आणि गेली चोवीस वर्षे दिवसाला पंधराच्या आसपास सिगारेटी चालू आहेत. सोयाबीनची आवक वाढली की हा आकडा वीसवर जातो. सकाळी अंथरुणातून उठल्यावर चहाच्याही आधी एक लागते. यापूर्वी तीन वेळा सोडून पाहिली. सर्वांत जास्त टिकलो ते एकोणीस दिवस.

दिवाळीला माझा भाचा इंग्लंडहून आला होता. तिथे त्याने स्वतः सिगारेट सोडून ई-सिगारेट धरली आणि पुढे तीही सोडली. त्याच्याकडचे जुने उपकरण आणि द्रवाच्या दोन बाटल्या त्याने मला दिल्या. तीन आठवड्यांत माझ्या सिगारेटी पंधरावरून सहावर आल्या. सकाळचा खोकला कमी झाला आहे आणि कपड्यांना वास येत नाही, हे घरच्यांनीही सांगितले. मात्र एक गोष्ट मला खटकते. सिगारेट ओढायला मी दुकानाबाहेर जात असे. हे उपकरण मात्र गादीवर बसल्या बसल्या, हिशोब लिहिताना, रात्री पलंगावरही तोंडात असते.

आता दुसरी बाटली संपत आली आहे. ओळखीच्या एकाने ‘हवा तेवढा माल आणून देतो’ असे सांगितले आहे. तो घ्यावा की इथेच थांबावे, याचा निर्णय होत नाही. ज्यांना अनुभव आहे किंवा माहिती आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

कयाधू

दादा, आधी कायद्याचे सांगतो, कारण ते अनेकांना ठाऊक नसते. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवणूक आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणुकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

ओढणाऱ्याला शिक्षा देणारे वेगळे कलम त्या कायद्यात नाही, पण आयातीवर बंदी असल्यामुळे भाच्याने आणले तेही नियमाबाहेरच होते. ओळखीचा माणूस जो ‘माल’ आणून देणार आहे, तो तर सरळ गुन्हा आहे. तुमचे दुकान बाजार समितीच्या आवारात आहे आणि दिवसभरात तिथे शंभर माणसे येतात. या भानगडीत पडू नये, असे मला मनापासून वाटते.

औषधी_परभणी

मी परभणीत औषधांचे दुकान चालवतो. पंधरावरून सहावर येणे ही लहान गोष्ट नाही, त्यासाठी अभिनंदन. पण याच टप्प्यावर बहुतेक लोक अडकतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. झुरका घेताना टोकाचे तापमान ९०० अंशांच्या आसपास जाते आणि त्या जळण्यातून सात हजारांहून अधिक रसायने तयार होतात. त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरतात. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येतात ते जळण्यामुळेच. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर तापणारी तारेची एक गुंडाळी असते, ती प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणाची वाफ करते आणि त्या वाफेतून निकोटिन व सुगंधी द्रव्ये फुप्फुसात जातात. तुमचा खोकला कमी झाला त्याचे कारण हेच आहे.

परंतु तलफ निकोटिनची असते, धुराची नव्हे. निकोटिन फुप्फुसावाटे गेले की काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, आणि दोनेक तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून पुन्हा हात खिशाकडे जातो. सिगारेट निदान संपते. थोटूक विझवून माणूस कामाला लागतो. या उपकरणाला शेवटच नाही. गादीवर बसून ते तोंडात असते असे तुम्ही लिहिले आहे, तिथे माझे लक्ष थांबले. सहा सिगारेटी आणि दिवसभराची वाफ मिळून तुमचे निकोटिन कमी झालेच नसेल, अशी शक्यता मोठी आहे.

दुसरे असे की सहा सिगारेटी म्हणजे पंधराच्या निम्म्याहून कमी धोका, हा हिशोब हृदयाच्या बाबतीत लागू पडत नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो. हे निष्कर्ष २०१८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले आहेत.

दुधना

घरात लहान मुले आहेत का? पलंगावर ओढता असे लिहिले आहे, म्हणून विचारतो.

आडत_लातूर

मुलगा अकरावीत आहे आणि मुलगी आठवीत. खोलीचे दार लावूनच ओढतो. प्रश्न योग्य आहे. तो मी स्वतःला विचारला नव्हता.

बिंदुसरा

वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर राखून माझे मत वेगळे आहे, आणि ते अनुभवातून आले आहे. मी मूळचा बीडचा, कामानिमित्त सहा वर्षे इंग्लंडमध्ये होतो. तिथे मी एकोणीस वर्षांची सिगारेट ई-सिगारेटच्याच आधाराने सोडली. आज कोणतेच व्यसन नाही.

तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१५ साली असे म्हटले की ई-सिगारेट ही साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक आहे. २०२३ साली तर तिथल्या शासनाने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सुरुवातीचा संच मोफत देण्याची योजना जाहीर केली. आणि आपल्याकडे काय स्थिती आहे? गावच्या प्रत्येक टपरीवर सिगारेट मिळते, बिडी मिळते, पुडी मिळते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या तोंडाचे चित्र छापून का होईना, पण विष विकायला परवानगी आहे. त्याहून कमी विषारी वस्तूला मात्र कैदेची शिक्षा आहे. ज्या माणसाने चोवीस वर्षांत तीनदा प्रयत्न करून हार खाल्ली, त्याच्या हाताशी आलेले एकमेव चाललेले साधन काढून घ्यायचे आणि त्याला पुन्हा टपरीवर पाठवायचे, याला आरोग्याचे धोरण म्हणता येत नाही. दादा, सहा सिगारेटी राहिल्या आहेत, त्याही त्या उपकरणावर आणून सोडा.

गोदाकाठ

मी नांदेड जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. बिंदुसरा यांनी दिलेली माहिती चुकीची नाही आणि ती झाकून ठेवणे मला पटणार नाही. २०१९ साली इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. व्यसनमुक्तीसाठी आलेल्या या लोकांपैकी अर्ध्यांना ई-सिगारेट दिली, अर्ध्यांना निकोटिनचे चघळायचे गम, कातडीवर लावायच्या पट्ट्या वगैरे दिले, आणि दोन्ही गटांना समुपदेशनही दिले. वर्षभरानंतर ई-सिगारेटच्या गटातले १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. फरक खरा आहे.

पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडाही वाचला पाहिजे. जे यशस्वी झाले, त्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. गम व पट्टीच्या गटात असे प्रमाण ९ टक्के होते. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटिन सुटले नाही. तिथे हे चालून जाते, कारण तिथे त्या द्रवावर नियंत्रण आहे: एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटिन चालत नाही, बाटली १० मिलिलिटरहून मोठी असत नाही, घटक छापावे लागतात.

लातूरच्या दादांना जो माल मिळणार आहे, त्याच्या बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. २०१९ साली अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांचा एक गंभीर आजार अचानक पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण त्यासाठी रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले. त्यातले बहुतेक गांजाच्या अर्काची काडतुसे ओढणारे होते आणि मुख्य दोषी ठरले ते त्यात भेसळ म्हणून घातलेले ‘ई’ जीवनसत्त्वाचे एक संयुग. ते साध्या निकोटिनच्या द्रवात नव्हते, हे मी आवर्जून सांगतो. पण तो सर्व माल प्रामुख्याने चोरट्या मार्गाने, ओळखीपाळखीतून आलेला होता. आपल्याकडे तर सगळाच माल त्या मार्गाने येतो.

इंग्लंडचा निष्कर्ष इंग्लंडच्या बाटलीला लागू आहे. भाच्याने आणलेल्या दोन बाटल्या आणि आता येऊ घातलेली तिसरी बाटली, या एक वस्तू नव्हेत.

बिंदुसरा

डॉक्टरसाहेब, तिसऱ्या बाटलीबद्दलचे तुमचे म्हणणे मान्य करतो. तो विचार मी केला नव्हता. पण मग दोष बंदीचाच ठरतो ना? विक्री कायदेशीर असती, तर बाटलीवर घटक छापले गेले असते.

शिक्षिका_जालना

बंदीच्या बाजूने मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी आकड्यांवरून सांगत नाही.

मी जालन्याजवळच्या एका शाळेत नववी-दहावीला शिकवते. गेल्या वर्षी तासाला एका मुलाच्या दप्तरातून सारखा आंब्याचा वास येत होता. हंगाम थंडीचा होता. मला वाटले खोडरबर असेल, कारण हल्ली तसली सुवासिक खोडरबरे येतात. कंपासपेटीत ठळक रेघा मारण्याच्या पेनसारखी एक निळी वस्तू होती आणि तिच्यावर फळाचे चित्र होते. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हे सिगारेट नाही, याने काही होत नाही.’ तो खोटे बोलत नव्हता. त्याला तसे खरोखर वाटत होते. त्या मुलाने आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती. ती वस्तू त्याला शहरात शिकणाऱ्या चुलतभावाने दिली होती.

पालकांना बोलावले. वडील स्वतः दिवसभर तंबाखू मळणारे. ते म्हणाले, ‘बाई, वास तर चांगला आहे, यात काय वाईट?’ मला त्यांना समजावून सांगायला अर्धा तास लागला की या फळाच्या वासाखाली तीच गोष्ट आहे, जी त्यांच्या चंचीत आहे.

चोवीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्या माणसाला या यंत्राने खाली उतरायला मदत होत असेल. पण चौदा वर्षांच्या मुलाला ते वर चढवते. विक्री उघडी केली तर टपरीवर ते दोघांनाही मिळेल. टपरीवाला जन्मतारीख विचारत नाही, हे आपण सारेच पाहतो. अठरा वर्षांखालील मुलांना सिगारेट विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीलाही मनाई आहे, आणि माझ्या शाळेच्या फाटकातून टपरी दिसते.

आडतवाल्या दादांना एवढेच सांगते की दार लावून ओढले तरी घरातली मुले वास ओळखतात. मुलगा अकरावीत आहे. त्याला ती वस्तू कुठे ठेवलेली असते हे एव्हाना माहीत असणार.

बालाघाटी

बदलीविषयी माझा अनुभव वेगळ्या वस्तूचा आहे, पण या धाग्याशी त्याचा संबंध आहे असे वाटते.

मी धाराशिवचा. २०११ साली सिगारेट सोडायची म्हणून तंबाखू-चुना धरला. धूर नाही, फुप्फुसे वाचतील, असा विचार होता. सिगारेट चार महिन्यांत खरोखर सुटली आणि मी सर्वांना अभिमानाने सांगत असे. सहा वर्षांनी गालाच्या आत पांढरा चट्टा दिसू लागला. तिखट लागेना, तोंड पूर्ण उघडेना. ज्या खासगी दवाखान्यात आधी गेलो तिथे तोंड आले आहे म्हणून मलम देऊन परत पाठवले आणि त्यात आठ महिने गेले. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण त्याच्या वाटेवरचा चट्टा आहे असे सांगितले. त्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या माणसांचे अर्धे गाल नव्हते. त्यातले बहुतेक आपल्याच भागातले, शेतकरी आणि ऊसतोड मजूर होते. त्या दिवसापासून तंबाखूला हात लावलेला नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हे, खाणारे होते. आपल्याकडे ‘सिगारेट सोडली’ म्हणणाऱ्या माणसाला ‘मग धरले काय?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. वाफ ही तंबाखू खाण्याइतकी वाईट आहे असे मी म्हणत नाही, तेवढे मला समजत नाही. पण मी बदलीच्या आनंदात सहा वर्षे घालवली, आणि मूळ वस्तू सोडायची राहूनच गेली.

मांजरा_पट्टा

आधीच्या प्रतिसादांत गम, पट्टी यांचा उल्लेख झाला. मी निकोटिनचा गम वापरून पाहिला आहे आणि तो चालत नाही, हे अनुभवाने सांगतो. दोन मिलिग्रॅमचा घेत होतो. चहा झाला की सिगारेटऐवजी तो चघळायचो. तोंडात तिखट लागायचे, उचकी यायची, मळमळ व्हायची आणि तलफ जशीच्या तशी. दहा दिवसांत नाद सोडला.

औषधी_परभणी

मांजरा_पट्टा यांचा हा प्रतिसाद फार महत्त्वाचा आहे, कारण दुकानात रोज हीच तक्रार ऐकतो. गम चालला नाही याचे कारण गम नव्हे, चहा आहे.

गममधले निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते आणि त्यासाठी तोंडात आम्लता कमी असावी लागते. चहा, कॉफी, सरबत किंवा थंड पेय घेतल्यावर तोंड आम्लधर्मी होते, निकोटिन शोषले जात नाही आणि लाळेबरोबर पोटात जाते. पोटात गेलेले निकोटिन तलफ भागवत नाही. उचकी आणि मळमळ मात्र तेच करते. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना पाण्याखेरीज काही घ्यायचे नसते. आपल्याकडे चहा आणि सिगारेट ही जोडी असल्यामुळे प्रत्येक जण गम नेमका चहावरच घेतो.

दुसरी चूक चघळण्याची. तो साध्या च्युइंगमसारखा चावत राहायचा नसतो. चार-सहा वेळा सावकाश चावायचा, तोंडात चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. चुणचुण कमी झाली की पुन्हा थोडा चावायचा आणि जागा बदलायची. असे अर्धा तास. तंबाखूचा बार भरणाऱ्यांना हे लगेच समजते.

तिसरी गोष्ट मात्रेची. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते, त्याला दोन मिलिग्रॅम पुरत नाही. चार मिलिग्रॅम लागतो आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आडतवाले दादा चहाच्याही आधी ओढतात, म्हणजे ते याच गटातले. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, सहा आठवड्यांनंतर हळूहळू अंतर वाढवत बारा आठवड्यांत बंद, अशी त्याची रीत आहे. तलफ आल्यावर घ्यायचा नसतो, येण्याच्या आधी घ्यायचा असतो. सिगारेटइतक्या वेगाने तो पोहोचत नाही.

मांजरा_पट्टा

मी दहाही दिवस चहावरच घेतला होता. हे कोणीतरी त्या वेळी सांगायला हवे होते. वेष्टनात एक बारीक अक्षरांचा कागद होता, तो वाचला नाही, हेही खरे.

गोदाकाठ

औषधी_परभणी यांनी लिहिलेले मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात मोठ्या अक्षरांत लावणार आहे.

यात थोडी भर घालतो. ज्यांना रोज सकाळीच तीव्र तलफ येते, त्यांना कातडीवर लावायची पट्टी आणि वरून गरजेपुरता गम, असे दोन्ही मिळून एकट्या गमपेक्षा चांगले काम करतात. शिवाय निकोटिन नसलेल्या गोळ्या आहेत. व्हॅरेनिक्लिन मेंदूतल्या ज्या ठिकाणी निकोटिन चिकटते तिथेच बसते. तलफही कमी करते आणि मध्येच सिगारेट ओढली तरी तिची मजा येऊ देत नाही. ती सिगारेट सोडण्याच्या ठरवलेल्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करतात आणि साधारण बारा आठवडे देतात. जागतिक आरोग्य संघटनेने तिचा आवश्यक औषधांच्या यादीत २०२१ साली समावेश केला. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलते.

पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक शोभेसाठी नाही. तो मोफत आहे आणि माझ्या दोन रुग्णांना तिथून मराठीत समुपदेशन मिळाले. सोडण्याची तारीख ठरवून घेतात आणि त्या दिवसानंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात.

घरधनीण_हिंगोली

मी सिगारेट ओढत नाही, पण वीस वर्षे ओढणाऱ्या माणसाबरोबर राहते आहे, म्हणून लिहिते.

आमच्या यांनी दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली, तेव्हा पहिले तीन आठवडे ते घरात कुणाशी नीट बोलत नव्हते. भाजीत मीठ कमी झाले म्हणून ताट सरकवले, मुलाला कारण नसताना रागावले. मी मनात म्हणत होते की ओढा बाबा, पण हे थांबवा. कोणीही मला सांगितले नव्हते की चिडचिड, झोप न लागणे आणि सारखी भूक लागणे ही निकोटिन उतरण्याची लक्षणे आहेत आणि दोन ते चार आठवड्यांत ती ओसरतात. माहीत असते तर मी तो काळ तापाच्या दुखण्यासारखा काढला असता. आडतवाल्या दादांनी ताईंना आधीच सांगून ठेवावे, एवढीच विनंती.

आम्ही एक केले. जेवण झाल्यावर त्यांना घरात बसू दिले नाही. ताट उचलले की दोघे कयाधू नदीच्या पुलापर्यंत चालत जायचो. जेवणानंतरची सिगारेट त्या रस्त्यावर सुटली, असे ते आजही म्हणतात.

दुधना

ताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या भावजयीला वाचून दाखवला. भाऊ सध्या सोडण्याच्या अकराव्या दिवशी आहे.

बिंदुसरा

सर्व वाचून मला माझ्या पहिल्या प्रतिसादात एक दुरुस्ती करावीशी वाटते. ई-सिगारेटने माझी सिगारेट सुटली, हे खरे आहे. पण त्या वेळी मी तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात दर आठवड्याला जात होतो आणि तिथली बाई माझ्या द्रवातले निकोटिन दर काही महिन्यांनी उतरवत नेत होती: १८, मग १२, मग ६, मग ३, मग शून्य. त्याला चौदा महिने लागले. हे मी आधी लिहिले नाही, कारण मला स्वतःला श्रेय उपकरणाचे वाटत होते. आज विचार केला तर त्या उतरत्या पायऱ्या नसत्या, तर मीही अजून ओढतच असतो.

बंदीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून हे उपकरण फक्त औषधांच्या दुकानात मिळते. इंग्लंडने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या प्रकारावर बंदी घातली, बाकीचे चालू ठेवले. शिक्षिकाताईंच्या वर्गातल्या मुलापासून ते दूर राहील आणि चोवीस वर्षे ओढणाऱ्याला चिठ्ठीवर मिळेल, अशी व्यवस्था अशक्य नाही.

शिक्षिका_जालना

चिठ्ठीवर, औषधांच्या दुकानात, पायऱ्या उतरवत, आणि फळांचे वास न घालता: एवढे सगळे होणार असेल तर माझा विरोध राहणार नाही. पण त्यातले शेवटचे आधी व्हावे.

आडत_लातूर

सर्वांना नमस्कार. पाच आठवड्यांनी परत लिहितो आहे. मध्यंतरी तुरीची आवक सुरू झाली होती, पण प्रत्येक प्रतिसाद वाचत होतो.

शिक्षिकाताईंचा प्रतिसाद वाचला त्या रात्री मुलाला विचारले. तो म्हणाला, ‘पप्पा, कपाटात स्वेटरच्या मागे आहे.’ त्याने ओढली नव्हती, असे तो म्हणतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण त्याला जागा माहीत होती. तिसरी बाटली घेतली नाही.

शासकीय रुग्णालयात जाऊन आलो. तिथे तोंडाने फुंकायच्या यंत्रावर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला. सहा सिगारेटींवर असूनही आकडा ओढणाऱ्याचाच आला, तेव्हा कमी केल्याचे समाधान तिथेच उतरले. डॉक्टरांनी पट्टी दिली आणि चार मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीवर लिहून दिला. सोडण्याची तारीख अमावास्येची ठरवली, कारण त्या दिवशी आमचा मोंढा बंद असतो आणि सौद्याच्या वेळची तलफ तरी टळते. आज बावीसावा दिवस आहे. एकोणीसचा माझा जुना आकडा ओलांडला.

बावीस दिवस कोरडे गेले असे नाही. नवव्या दिवशी एका शेतकऱ्याच्या मालाच्या ओलीवरून वाद झाला, आवाज चढले, आणि मी हमालाकडून एक मागून ओढली. पूर्वी अशी एक ओढली की आता संपलेच म्हणून पाकीट घेत असे. या वेळी क्रमांकावर फोन केला. तिकडच्या बाईंनी रागावण्याऐवजी विचारले की त्या वेळी गम खिशात होता का. नव्हता, तो गल्ल्यात होता. आता शर्टाच्या त्याच खिशात असतो जिथे पाकीट असायचे.

चहा आणि गम यांच्यातले पंधरा मिनिटांचे अंतर पाळणे मोंढ्यात सर्वांत अवघड आहे, कारण आमच्याकडे प्रत्येक माणसामागे एक चहा येतो. सध्या येणाऱ्याला चहा आणि मला पाण्याचा तांब्या, असे सांगून ठेवले आहे. घरी सौभाग्यवतींना हिंगोलीच्या ताईंचा प्रतिसाद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्या दिवसापासून माझ्या चिडण्याला उत्तर देणे बंद केले आहे.

औषधी_परभणी यांना एक विचारायचे होते. ते उपकरण घरात नको आहे. कचऱ्यात टाकले तर चालेल का?

औषधी_परभणी

दादा, कचऱ्यात टाकू नका. आत लिथियमची बॅटरी असते. दाबली गेली किंवा फुटली तर पेट घेते, आणि तुमच्या दुकानात बारदाना भरलेला असतो. टाकीतला उरलेला द्रव हाताला न लावता रिकामा करा, कारण निकोटिन कातडीतूनही शिरते आणि लहान मुलांच्या पोटात थोडे गेले तरी घातक ठरते. उपकरण जुने मोबाईल गोळा करणाऱ्या ई-कचरा केंद्रात द्या.

बावीस दिवसांबद्दल मनापासून आनंद झाला. पट्टीची जागा रोज बदलत जा, म्हणजे कातडी लाल होणार नाही.

सिंदफणा

बरेच दिवस नुसता वाचत होतो. माझे वय ३१, माजलगावला राहतो, दिवसाला आठ सिगारेटी, पहिली साधारण सकाळी साडेनऊला टपरीवर. दोन मिलिग्रॅमचा गम घ्यावा की चारचा?

औषधी_परभणी

उठता किती वाजता?

सिंदफणा

सहाला.

औषधी_परभणी

मग दोनचा पुरेल, चिठ्ठीची गरज नाही. टपरीवर चहा घेत असाल तर तो सव्वानऊच्या आत संपवा. तारीख ठरवून इथे लिहा.

सिंदफणा

येत्या सोमवारी.